वाकड्या तोटीची किटली

आमच्या साडूंनी आयुष्यात एकच चोरी केली. तीही गुरुवारी सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, शेजारी बायको लसूण सोलत बसलेली असताना. चोरीसाठी इस्त्री कशाला, असं मी नंतर विचारलं तर म्हणाले, "सुट्टीचा दिवस असला म्हणून काय गबाळं बसायचं?" त्या माणसाची जडणघडणच अशी.

साडू बसस्थानकावर नोकरीला आहेत. बसमध्ये विसरलेल्या वस्तू जिथे आणून ठेवतात त्या खोलीचे ते एकोणतीस वर्षांपासूनचे राजे. राज्यात छत्र्या, पाण्याच्या बाटल्या आणि एकेकटे बूट. शिवाय सुयांसकट अर्धा विणलेला स्वेटर, कुकरचं एक झाकण, आणि दर तासाला इमानाने टोले देणारं भिंतीवरचं घड्याळ. सापडलेली प्रत्येक वस्तू ज्याची असेल त्याच्याकडे गेली पाहिजे, हा त्यांचा धर्म. लग्नाच्या पंगतीत रुमाल पडलेला दिसला तरी तो वर धरून हे ओरडणार, "हे कोणाचं?" एकदा नवरदेवाच्या मामांच्या कानातून गळालेला कापूस उचलून त्यांनी हाच प्रश्न अख्ख्या मांडवाला विचारला होता. तेव्हापासून नात्यात आणि ऑफिसात त्यांचं नाव पडलं: कोणाचंकाका.

अशा माणसाला चोर कोणी केलं? पोटच्या पोरीने. म्हणजे तिचा हेतू चांगला होता. नोकरीसाठी दूर जाताना तिने आपला जुना कॉम्प्युटर बापाला दिला आणि त्यात 'धुक्याचं राज्य' नावाचा खेळ घालून दिला. इंटरनेटवर हजारो माणसं एकाच वेळी खेळतात, तसला. त्यात किल्ले, जंगलं, जादूगार, बाजारपेठा, सगळं असतं, आणि प्रत्येकाने एक सोंग घ्यायचं असतं. बापलेकींनी दर रविवारी सकाळी तिथे भेटायचं ठरलं. लेक वर्षभर भेटली, मग तिला कामं लागली. साडू तिथेच राहिले.

सोंग त्यांनी घेतलं होतं गस्तीवाल्याचं. लोक त्या राज्यात राक्षस मारतात, खजिने लुटतात. आमचे साडू पाच वर्षं रोज सकाळी साडेपाच ते सात नगराच्या भिंतीभोवती कंदील घेऊन फिरले. "काही घडलं का आज?" असं मी विचारायचो. ते समाधानाने म्हणायचे, "काही नाही. म्हणूनच तर फिरायचं."

आणि मग कंपनीने खेळाचा नवा भाग काढला, 'चोरवाटा'. आता राज्यात चोर होता येणार होतं. खिसे कापायचे, कुलपं उघडायची, छपरावरून पळायचं आणि दुसऱ्या खेळाडूंनी वर्षानुवर्षं सजवलेल्या घरांत शिरायचं. साडू भयंकर संतापले. त्यांनी कंपनीला पत्र लिहिलं. 'महोदय' पासून 'आपला विश्वासू' पर्यंत, मध्ये सात मुद्दे. कंपनीने उत्तरादाखल त्यांना चोरांचा एक मुखवटा फुकट पाठवला.

"तीन आठवडे त्याला हात लावला नाही हो, साडूभाऊ," ते मला सांगत होते. "मग वाटलं, चोर पकडायचे तर चोरांची रीत माहीत नको?"

जगातला प्रत्येक सज्जन असाच घसरतो, अभ्यासासाठी! पहिल्या दिवशी त्यांनी बाजारात एका खेळाडूच्या अंगरख्याचं एक बटण काढलं. "छातीत असं काही धडधडलं ना, की लग्नातसुद्धा तसं धडधडलं नव्हतं."

"ऐकू येतंय मला," आतून ताई म्हणाल्या. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आणि या घरातलं उच्च न्यायालय.

चोरवाटांचा मुख्य नियम इथेच सांगतो, कारण पुढचं सगळं रामायण त्याच्यावर आहे. त्या खेळात चोरीचे गुण वस्तूच्या भारीपणावर मिळत नाहीत. हिऱ्यांचा हार उचला, कोणी विचारत नाही. गुण मिळतात ती वस्तू त्या घरात, त्याच जागी, किती दिवस न हलता होती यावर. प्रत्येक वस्तूवर आकडा दिसतो: या घरात इतके दिवस. म्हणजे जी वस्तू कोणाच्याने हलवली जात नाही, तीच नेमकी उचलायची. हा नियम ज्याने काढला त्याला माणसाचं मन कळत होतं आणि त्याला दोन थोबाडीत देणारं कोणी भेटलं नव्हतं.

तर त्या गुरुवारी साडू एका जंगलाकाठच्या घरात शिरले. मालकीण जागेवर नव्हती. दाराला कुलूपसुद्धा नव्हतं. घरात पाच-सात गोष्टी, आणि चुलीवर एक काळी लोखंडी किटली. ओबडधोबड, तोटी डावीकडे वाकलेली. वर आकडा: एक हजार सहाशे त्रेचाळीस दिवस. साडूंनी अलगद उचलली. तुताऱ्या वाजल्या. साडूंना 'मऊ हाताचा' हा किताब मिळाला, आणि ते ताईंना म्हणाले, "अगं, मला बढती मिळाली!" एकोणतीस वर्षांत ऑफिसात मिळाली नव्हती, त्यामुळे ताईंनीही लसूण खाली ठेवून "अरे वा" म्हटलं.

शुक्रवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत साडूंच्या खोलीत तीन नंबरच्या बाई आल्या. बसस्थानकावरच्या तिकिटांच्या तीन नंबर खिडकीवर बसतात म्हणून तीन नंबरच्या बाई. पन्नाशीच्या, मितभाषी. नवरा चार वर्षांपूर्वी गेला, एवढंच साडूंना माहीत. त्या दारातच घुटमळल्या.

"दादा, तुम्ही ते धुक्याचं राज्य खेळता ना?"

"खेळतो की!"

"मीपण खेळते. सहा वर्षं."

साडू उडालेच. "तुम्ही? कधी बोलला नाहीत ते!"

"तुम्ही बोलायचात आणि सगळे तुम्हाला हसायचे, ते बघत होते ना. मग मी कशाला बोलू?" त्या स्टुलावर बसल्या. "काल माझ्या तिथल्या घरातून किटली गेली. मी इथे खिडकीवर होते तेव्हा."

साडू सांगतात की त्या क्षणी त्यांच्या कानात टोले पडायला लागले. आधी त्यांना वाटलं भिंतीवरचं घड्याळ. मग लक्षात आलं की एक वाजून वीस मिनिटं झालीयेत.

"तुमच्याकडे लिहून घ्याल का?" बाई म्हणाल्या. "त्याने काही होणार नाही, कळतंय मला. पण कुठेतरी लिहिलेलं असावं."

आणि साडूंचा हात सवयीने खणात गेला. हरवलेल्या वस्तूचा अर्ज, खाली कार्बन, दोन प्रती. वस्तू: किटली. रंग: काळा. बाई सांगत होत्या, "आमच्या ह्यांनी केली होती. शेवटच्या वर्षी अंथरुणातच होते ना. उजवा हात तेवढा चालायचा. मग खेळायचे. तिथल्या लोहाराकडे बसून चार दिवस ठोकत होते. चांगली नाही झाली. मी म्हटलं, मोडा आणि दुसरी करा. तर म्हणाले, राहू दे, पाणी तर तापेल. आणि स्वतः नेऊन चुलीवर ठेवली. त्यानंतर मी तिला हात लावला नाही."

साडू लिहीत होते. मान खाली. एरवी या अर्जात त्यांचा एक कडक नियम असतो. ओळखीची खूण आपण कधी बोलायची नाही, समोरच्याकडून वदवून घ्यायची. खऱ्या मालकालाच ती ठाऊक असते. या एका नियमावर त्यांनी शेकडो लबाड पकडलेत. त्या दिवशी त्यांच्या पेनाने 'ओळखीची खूण' या रकान्यात आपणहून लिहिलं: तोटी डावीकडे वाकडी.

बाई उलट्या बाजूने वाचत होत्या.

"मी तोटीचं कुठे बोलले?"

साडूंनी पेनाला टोपण लावलं. "म्हणजे... किटल्यांच्या तोट्या... वाकड्याच असतात."

"हो का?" बाई म्हणाल्या. कार्बनची प्रत घडी घालून पर्समध्ये ठेवली आणि खिडकीवर गेल्या.

शनिवारी संध्याकाळी साडू माझ्या घरी आले. चपला घातलेल्या पायांनीच आत. "साडूभाऊ, मी चोरी केली."

माझ्या डोळ्यांपुढे पोलिस, निलंबन, ताईंचा चेहरा, आणि आमच्या सासऱ्यांची फोटोतली नजर. "काय घेतलंत?" मी कुजबुजलो.

"किटली."

"ऑफिसची?"

"खेळातली."

मी हसलो. इतका हसलो की खोकला आला. "अहो, खेळातली किटली! खरी का आहे ती?"

साडू हसले नाहीत. मला म्हणाले, "तो माणूस खरा होता ना? त्याचा हात खरा होता. आणि मी तिच्या तोंडावर खोटं बोललो तेही खरंच." मग हळू आवाजात, "मला तुतारी वाजल्यावर आनंद झाला होता, साडूभाऊ. त्याचं काय करू?"

त्याचं काय करायचं ते मलाही ठाऊक नव्हतं, म्हणून मी चहा टाकला.

आणि वेळही थोडा होता. चोरलेली वस्तू चोराच्या अड्ड्यात सात दिवस राहते. आठव्या दिवशी ती वितळते आणि चोराच्या कीर्तीत जमा होते. म्हणजे येत्या गुरुवारी सकाळी दहा वाजता किटली कायमची जाणार.

"मग देऊन टाका परत," मी म्हणालो. "गुपचूप ठेवून या चुलीवर. कळणार पण नाही कोणी केलं ते."

इथे मी कबूल करतो की हा सल्ला भेकडाने भेकडाला दिलेला होता. त्यामुळे तो साडूंना फार पटला. रविवारी सकाळ-संध्याकाळ आणि सोमवारी सकाळी त्यांनी तेच केलं. किटली बाईंच्या दारात ठेवायला गेले तर खेळ म्हणे, चोर माल टाकत नाही. भेट द्यायला गेले तर म्हणे, चोर दान करत नाही. मग ते मुखवट्यासकट भर चौकात जाऊन पहारेकऱ्यांसमोर उभे राहिले. पकडलं की चोरीचा माल जप्त होऊन मालकाकडे जातो असं त्यांनी वाचलं होतं. पहारेकरी खेळातलेच, कॉम्प्युटरने चालवलेले. त्यांनी साडूंकडे पाहिलं आणि खाडकन सलाम ठोकला. पाच वर्षं गस्त घातलेला माणूस तो! साडू चौकात ओरडत होते, "अरे, मी चोर आहे!" आणि एकेक शिपाई येऊन मुजरा करून जात होता. सगळं नगर जणू साडूंच्या चांगुलपणाची खात्री द्यायला निघालं होतं. साडूंनी कॉम्प्युटर बंद केला आणि चेहरा ओंजळीत धरून बसले.

एकच वाट उरली होती. चोरीचा माल मूळ मालकाने चोराच्या अड्ड्यातून स्वतः चोरला तर तो परत मिळतो. म्हणजे बाईंना सगळं सांगावं लागणार.

"इतके दिवस काय करत होतात?" ताईंनी विचारलं. "शुक्रवारीच सांगायचं होतं तोंडाने."

"धीर झाला नाही."

"चोरायला झाला होता ना? उद्या सांगा. नाहीतर मी जाते."

मंगळवारी साडू आपली खोली सोडून तीन नंबरच्या रांगेत उभे राहिले. आत जाऊनही बोलता आलं असतं. पण म्हणाले, "मला वाटलं, माझा नंबर आल्यावरच बोलावं." पुढे अकरा माणसं. अकराही माणसांना त्यांनी मनातल्या मनात विनवलं की सावकाश काढा तिकिटं. शेवटी काच समोर आली.

"कुठलं?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"बाई, ती किटली मी घेतली."

बाईंची बोटं थांबली. मागचा माणूस म्हणाला, "ओ काका, गाव सांगा आधी, किटली काय!"

"मला माहीत आहे," बाई म्हणाल्या. "शुक्रवारपासून माहीत आहे. किती दिवस लावताय ते बघत होते."

"तुमचं घर आहे हे माहीत असतं तर..."

"तर दुसऱ्या कोणाची घेतली असतीत."

साडूंनी काचेला तोंड लावून भराभर नियम सांगितला. अड्डा, गुरुवार, दहा वाजता.

"मी चोरी करायची?"

"हो."

"तुमच्या अड्ड्यात येऊन?"

"हो. मी मदत करीन. म्हणजे मदत करता येत नाही. पण मी असेन."

"पुढचे या," बाई म्हणाल्या. मागचा माणूस साडूंना कोपराने सरकवून पुढे आला.

बुधवारी बाई काही बोलल्या नाहीत. साडू दोनदा खिडकीसमोरून गेले, दोनदा परत आले. खोलीत एक म्हातारी छत्री शोधायला आली होती. साडूंनी तिला चार छत्र्या दाखवून म्हटलं, "यातली आवडेल ती घ्या." म्हातारी घाबरून तशीच गेली.

गुरुवारी मी सकाळी नऊ वाजताच साडूंकडे पोचलो. साडू साडेपाचपासून कॉम्प्युटरसमोर बसलेले. चोर स्वतः आत नसला की अड्डा पक्का बंद असतो, म्हणून हलायची सोय नाही. पडद्यावर एक तळघर, फडताळ, त्यावर ती किटली. खरं सांगतो, इतकं कुरूप भांडं मी पाहिलं नव्हतं. आणि मला तिच्यावरून नजर काढवेना.

साडेनऊ झाले. पावणेदहा झाले. ताई येऊन खुर्चीमागे उभ्या राहिल्या. "नाही यायची ती. मी नसते आले."

नऊ अठ्ठेचाळीसला तळघराच्या पायऱ्यांवर तपकिरी शाल पांघरलेली एक म्हातारी उतरली. जंगलातून औषधी पाला गोळा करणारीचं सोंग. बाईंनी अर्ध्या दिवसाची रजा टाकली होती, आणि दोन संध्याकाळी बसून चोरीचे पहिले धडे गिरवले होते. सहा वर्षं पाला खुडलेल्या बाईने माझ्या साडूंमुळे कुलपं फोडायला शिकून घेतलं.

आता नियम असा की अड्डेवाल्याची नजर असेल तर चोरी होत नाही. साडूंनी आपल्या सोंगाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं. आणि एवढ्याने भागेना म्हणून खुर्चीत बसल्या जागी स्वतःचेही डोळे दोन्ही हातांनी गच्च झाकले.

"अहो, तुमचे डोळे कशाला?" मी म्हणालो.

"असू द्या. काय होतंय?"

"हात घातला. पडला आवाज. फसलं."

"अरेरे!"

"दुसऱ्यांदा. फसलं. मागे सरली."

"किती वाजले?"

"चोपन्न."

"घाई करू नका म्हणावं, बाई! अलगद!" साडू झाकल्या डोळ्यांनी भिंतीला सांगत होते. ताईंनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तिसऱ्यांदा म्हातारीने हात पुढे केला. फडताळ रिकामं झालं. पडद्यावर अक्षरं आली: तुमच्या अड्ड्यातून एक वस्तू चोरीस गेली.

साडूंनी टाळी वाजवली. मी वाजवली. चोरी झाली म्हणून इतकं खूश झालेलं घर त्या दिवशी जगात दुसरं नसेल. 'मऊ हाताचा' हा किताब त्याच क्षणी खरवडून काढला गेला. साडूंचं तिकडे लक्षही नव्हतं.

दहा-बारा मिनिटांनी बाईंचा निरोप आला. "घरी या. बघायला."

"बोलावलं!" साडू म्हणाले. त्यांचं सोंग जंगलाकाठी धावत सुटलं. दार उघडंच होतं. चुलीवर किटली, तोटी डावीकडे. शेजारी शाल पांघरलेली म्हातारी उभी. साडू किटलीजवळ गेले, आणि वरचा आकडा दिसला: या घरात शून्य दिवस.

साडूंची बोटं अडखळत चालली. "बाई, हे मला माहीत नव्हतं."

"मला होतं," उत्तर आलं. "आणायच्या आधीच वाचलं होतं. जागा सुटली की मोजणी पहिल्यापासून."

"मग बोलावलंत..."

"तुम्ही बघावं म्हणून."

एक हजार सहाशे त्रेचाळीस. त्यातला पहिला दिवस एका माणसाने एका हाताने मांडलेला. साडूंनी मोठा मजकूर लिहिला, पुसला. पुन्हा लिहिला, पुसला. मी विनोद करायला तोंड उघडलं आणि ताईंकडे बघून मिटलं. शेवटी त्यांनी दोनच शब्द पाठवले. "माफ करा."

"आज नको," बाईंनी लिहिलं. "आज मला इथे बसू दे."

साडू मागे फिरले, बाहेर आले, दार लोटून घेतलं. पण खिडकीतून दिसलं, आत म्हातारी दाराकडे तोंड करून तशीच उभी होती. ती बसेना. का बसेना हे आधी साडूंना उमगलं. किताब गेला तरी हात-पाय चोराचेच राहिले होते. त्यांच्या पावलांचा आवाज होत नव्हता, दाराचाही झाला नव्हता. बाहेर पडलेला माणूस लांब गेला की दबकत परत आत शिरला, हे तिला कळायला काही मार्गच नव्हता.

साडूंनी खिडकीपासून चांगली वीस पावलं लांब जाऊन लिहिलं, "बाई, मी बाहेर आलोय. दारापासून लांब आहे. खरंच."

थोड्या वेळाने एकच शब्द आला. "बरं."

म्हातारी चुलीजवळ खाली बसली. आणि साडू, इस्त्रीच्या शर्टात, त्या एका शब्दाकडे बघत राहिले. तो कुठल्या सुरात म्हटलेला असेल, हे त्यांनी मला विचारलं. मी सांगू शकलो नाही.